थंडी सोसवेना म्हणून कॉलेज बदललं, तर गुन्हा काय?



गेल्या महिन्यात कुंभारीच्या घरकुलात एका घरी गेले होते. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालं की हे गाव लागतं. इथेच गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आहे. पलीकडे रे नगर उभं राहिलं आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात आणि बहुतेक घरांत सूप, पत्ता आणि तंबाखू दिसते. ज्या घरी गेले तिथली मावशी पंचवीस वर्षं विड्या वळते. तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. घरात चारपाच जण जमले होते आणि विषय एकच होता, पोरानं कॉलेज बदललं.

मुलाला बारावीनंतर हिमालयाच्या कुशीतल्या एका राज्यात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला जागा मिळाली होती. वस्तीत पेढे वाटले होते. नोव्हेंबर उजाडला आणि त्याचा खोकला सुरू झाला, जानेवारीत धाप लागून त्याला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दमा आहे, थंड हवा सोसणार नाही. लहानपणापासून ज्या खोलीत तंबाखूची धूळ उडते त्याच खोलीत झोपलेलं पोर. त्याची छाती कशी असणार, हे सांगायला डॉक्टर तरी कशाला हवा? वर्ष कसंबसं काढून तो परत आला, पुन्हा सीईटी दिली आणि आता सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षापासून शिकतो आहे.

त्या दिवशी त्या घरात एक ज्येष्ठ कार्यकर्ते बसले होते. चळवळीत आयुष्य घातलेले, मला वडिलांसारखे. ते म्हणाले, "बाबासाहेब लंडनच्या थंडीत अर्धपोटी राहून शिकले. आणि आपली पोरं? स्वेटर घालून पण थंडी वाजते म्हणून पळून येतात."

मुलगा मान खाली घालून बसला होता. मावशी हळूच म्हणाली, "ताई, खोकून खोकून बेजार झालतं हो पोरगं. फोनवर बोलताना श्वास पुरंना त्याला. काय करायचं हुतं मग?"

मी गप्प बसले. गप्प बसायला कारण होतं. डिसेंबरात त्या मुलाने मला फोन केला होता, तेव्हा मीही त्याला हेच सांगितलं होतं, "सहन कर, बाबासाहेबांनी किती सहन केलं." आज हा लेख लिहिते आहे तो त्या काकांना उत्तर म्हणून जितका, तितकाच माझी चूक कबूल करण्यासाठी.

बाबासाहेबांनी काय केलं, ते नीट वाचू या

बाबासाहेबांचं शिक्षण म्हटलं की आपल्याला लंडनचं ग्रंथालय, पावाचा तुकडा आणि रात्रीचा दिवा आठवतो. हे सगळं खरं आहे. पण हे अर्धंच चित्र आहे. उरलेलं अर्धं चित्र तारखांमध्ये आहे आणि आपण तारखा वाचत नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, मुदत तीन वर्षं. बदल्यात करार होता की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

आणि मग त्यांनी काय केलं? विद्यापीठ बदललं. कोलंबिया सोडून ते लंडनला आले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, संस्थानाने परत बोलावलं. अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना भारतात यावं लागलं. पण येताना त्यांनी एक काम केलं, जे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवावं. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन हाच अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे कॉलेज सोडताना त्यांनी दार बंद होऊ दिलं नाही.

पुढचं आपल्याला माहीत आहे. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं आणि जुलै १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. चार वर्षांची मुदत संपण्याआधी. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं.

आता मोजा. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, न्यूयॉर्क, लंडन, बॉन. तीन वर्षांचा खंड. एक अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम. कर्ज. मुदतवाढीचे अर्ज. आज एखाद्या मुलाच्या कागदांवर असा प्रवास दिसला तर शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा कारकून काय म्हणेल? "गॅप आहे, कॉलेज बदललंय, केस बसत नाही."

बाबासाहेब पुढे आयुष्यभर कोलंबियातल्या मित्रांबद्दल आणि जॉन ड्यूई, सेलिगमन यांच्यासारख्या प्राध्यापकांबद्दल कृतज्ञतेने बोलले. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात बर्फ पडतो. बडोद्यात ऊन असतं. पण न्यूयॉर्कमध्ये त्यांना इतरांच्या बरोबरीने एका टेबलावर बसता आलं आणि बडोद्यात रात्रीपुरतं छप्परही मिळालं नाही. म्हणून हवामान म्हणजे फक्त पाऱ्याचा आकडा नाही. कुंभारीचा हा मुलगा मला नंतर म्हणाला, "ताई, थंडी तर होतीच. पण पहिल्या दिवसापासून मुलं विचारायची, तुझी रँक किती? त्याचा अर्थ काय असतो, ते कळायचं मला." आजारी पडल्यावर रात्री उठून गरम पाणी आणून देणारा एक मित्र असता तर त्याने कदाचित आणखी एक वर्ष काढलं असतं. थंडी सगळ्यांनाच वाजते. एकट्याला ती जास्त वाजते.

थंडीने माणूस मरतो, हे महाराष्ट्राला माहीत आहे

काही जण म्हणतील, थंडी ही काय सबब झाली? त्यांनी आनंदीबाई जोशींचं चरित्र आठवावं. १८८३ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय २१. तिथली कडाक्याची थंडी, धुराने भरणारी खोली, न मानवणारा आहार, या सगळ्याने त्यांची प्रकृती ढासळली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमणूक दिली होती, ती नोकरी करायला त्या उरल्या नाहीत. त्यांच्या त्यागाचे गोडवे महाराष्ट्र सव्वाशे वर्षं गातो आहे. मला मात्र एक प्रश्न पडतो. दुसऱ्या वर्षी त्यांना कोणी म्हटलं असतं, "बाई, कॅलिफोर्नियाला जा, तिथे ऊबदार हवा आहे, तिथून डॉक्टर हो," तर काय बिघडलं असतं? आपल्याला एक हुतात्मा कमी मिळाली असती आणि एक डॉक्टर जास्त.

दुसरं उदाहरण वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंचं. गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ. अमेरिकेत ते कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन अशा तीन राज्यांतल्या कॉलेजांत शिकले आणि शेवटी मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं. त्यांना कोणी पळपुटा म्हणत नाही, म्हणूही नये. कॉलेज बदलणं हे शिकणाऱ्या माणसाच्या हातातलं एक साधन आहे. ज्यांच्या घरात तीनचार पिढ्यांचं शिक्षण आहे त्यांना हे न सांगता कळतं. काका, मामा, आत्या कोणीतरी आधीच त्या शहरात असतं, ते फोन करतात आणि मुलाला बोलावून घेतात. आपल्या मुलाने तेच केलं की तो चर्चेचा विषय होतो.

१९४२ चं निवेदन आणि सोळा मडकी

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ साली सुरू झालं. मुंबईत व्हीजेटीआय १८८७ सालची. पण या संस्थांच्या दारापर्यंत आपला मुलगा पोहोचायला शतक उलटावं लागलं, कारण त्या शिक्षणाचा खर्च आपल्याला पेलणारा नव्हता.

हे सगळ्यात आधी ओळखलं बाबासाहेबांनी. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणाचा भाग आहे, तो प्रत्येकाने मुळातून वाचावा. त्यांचा मुद्दा असा की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपला समाज वर येणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण लागेल आणि त्याचा खर्च सरकारनेच उचलला पाहिजे. त्यांनी आकडेही दिले. भारतात विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशात शिकण्यासाठी वर्षाला १ लाख रुपये. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, ही मागणीही त्यात आहे. १९४४ च्या सुमाराला सुरू झालेली आणि आज आपण सगळे घेतो ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती याच प्रयत्नांचं फळ. मजूर मंत्री म्हणून पाटबंधारे आणि वीज ही खातीही तेव्हा त्यांच्याकडे होती. धरणं, कालवे, वीजकेंद्रं कोणाच्या हातून बांधली जाणार आहेत, हे त्यांना दिसत होतं आणि त्या हातांत आपलेही हात असावेत, असं त्यांना वाटत होतं.

या पैशातून सोळा विद्यार्थी परदेशी गेले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांची आठवण काढली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की मडकी भाजताना काही पक्की निघतात, काही कच्ची राहतात, तसंच या सोळा जणांचं झालं. पुढे राजगोपालाचारींनी ही योजना बंद केली, असंही ते त्याच भाषणात म्हणाले.

कुंभारीत राहून मला हे मडक्यांचं उदाहरण फार जवळचं वाटतं. गावाच्या नावातच कुंभार ऐकू येतो. कुंभाराला विचारा, मडकं कच्चं का राहिलं? तो मडक्याला शिव्या देत नाही. तो आवा बघतो. जाळ कुठल्या बाजूला कमी लागला, वारा कुठून शिरला, माती कशी मळली होती, हे बघतो. बाबासाहेबांनी काही मडकी कच्ची निघाली हे मान्य केलं, पण म्हणून भट्टी बंद करा असं ते म्हणाले नाहीत. भट्टी बंद करणाऱ्याबद्दल त्यांची तक्रार होती. आपण मात्र उलटं करतो. आव्याकडे बघत नाही आणि मडक्याला दोष देतो.

मुलाला कॉलेजकडे न्यायचं, की कॉलेज मुलाकडे?

बाबासाहेबांनी दोन्ही मार्ग वापरले, हेही ध्यानात घ्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात. खेड्यातल्या मुलाला शहराच्या शाळेत टिकता यावं म्हणून. नुसता प्रवेश मिळवून देऊन भागत नाही, जेवण आणि अंथरूणही द्यावं लागतं, हे सभेला तेव्हाच समजलं होतं. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० साली थेट औरंगाबादला कॉलेज नेलं, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. मराठवाड्यातल्या मुलाने शिकायला हैदराबाद किंवा मुंबई गाठावी, यापेक्षा कॉलेजच मराठवाड्यात यावं. मुलाच्या हवेत, मुलाच्या भाषेत, मुलाच्या भाकरीजवळ.

इंजिनिअरिंगच्या बाबतीत हे उशिरा घडलं. सोलापूरच्या मुलाला कित्येक वर्षं पुणे, सांगली किंवा कराड गाठावं लागायचं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच साली सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. कॉलेज जवळ आलं, पण फी दूर गेली. आरक्षण आणि फ्रीशिपशिवाय आपला एकही मुलगा त्या वर्गांत टिकला नसता. केंद्राच्या आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळालं ते १९७३ साली, खरगपूरची पहिली आयआयटी सुरू झाल्यावर बावीस वर्षांनी. म्हणजे आपण आज ज्या जागांबद्दल बोलतो, त्या जागांवर आपली ही जेमतेम दुसरी-तिसरी पिढी आहे. पहिल्या पिढीने काय सोसलं याचा अभिमान जरूर बाळगा. पण दुसऱ्या पिढीनेही तेवढंच सोसलं पाहिजे, असा नियम कुणी केला?

नियम कुणासाठी?

१९१३ च्या बडोद्याच्या करारात विद्यार्थी संस्थानाला बांधलेला होता. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमातही एक ओळ आहे. राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्याने विषय किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. नीट वाचा, पूर्वपरवानगीशिवाय. म्हणजे परवानगी मागण्याची सोय नियमात आहे. पण ही सोय आपल्या मुलांना सांगतो कोण? कुंभारीच्या मुलाला कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण तेव्हा मी त्याला सहन करायला सांगण्यात गुंतले होते. आता त्याची फाईल एका कार्यालयात पडून आहे आणि प्रश्न एकच विचारला जातो, "पहिल्या वर्षाचे पैसे एकदा घेतले ना?"

केंद्रीय संस्थांत तर एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत बदली सहसा मिळतच नाही. प्राध्यापकाची बदली होऊ शकते, अधिकाऱ्याची होते, सीमेवरच्या सैनिकालासुद्धा काही काळाने खाली आणतात. अठरा वर्षांच्या आजारी मुलाला मात्र दोनच पर्याय, तिथेच राहा, नाहीतर सगळं सोडून पहिल्यापासून सुरू कर. श्रीमंताच्या मुलाचं यात एक वर्ष जातं. गरिबाच्या मुलाची शिष्यवृत्ती जाते, आईच्या हजारो विड्यांचे पैसे जातात आणि वस्तीतलं नावही जातं. नियम दोघांना एकच आहे, त्याची किंमत मात्र एक नाही.

याला दुसरी बाजू नाही, असं मी म्हणत नाही. गणित जड जातं, मेसचं जेवण आवडत नाही, मित्र दुसऱ्या कॉलेजात आहे म्हणून बदली मागणारेही असतात. त्यांच्याशी स्पष्ट बोलावं लागतं आणि ते मी बोलते. पण स्पष्ट बोलायच्या आधी ऐकावं लागतं. त्या डिसेंबरात मी ऐकलं असतं तर मुलाचं वर्ष वाचलं असतं की नाही, माहीत नाही, पण त्याची फाईल तरी वेळेत सरकली असती.

मग करायचं काय?

सरकारकडे आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. वैद्यकीय कारण असेल तर केंद्रीय संस्थांमध्ये बदलीची वाट असली पाहिजे. शिष्यवृत्ती कॉलेजला चिकटलेली नको, ती मुलाबरोबर चालली पाहिजे. आणि आजारपणात अभ्यास थांबवून परत येण्याचा हक्क लेखी मिळाला पाहिजे. १९१७ साली लंडन विद्यापीठाने एका अस्पृश्य विद्यार्थ्याला चार वर्षं दार उघडं ठेवलं. स्वतंत्र भारतातल्या संस्थांना, त्याच विद्यार्थ्याने लिहिलेल्या संविधानाखाली, एवढं जड का जावं?

पण सगळं सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. काही कामं आपल्या विहारात बसून होतील. जून-जुलैत प्रवेशाचे पर्याय भरताना मुलाजवळ बसा. कॉलेजचं नाव मोठं आहे म्हणून पहिलं टाकू नका. तिथे हिवाळा कसा असतो, मुलाला दमा आहे का, आपली कोणी मुलं तिथे आधी शिकतात का, हे विचारा. लांब जाणाऱ्या मुलासाठी जयंतीच्या वर्गणीतून जाड रजई, बूट आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च बाजूला काढा. डीजेची एक रात्र कमी केली तर दोन मुलांचा हिवाळा निघतो. आणि मुलाला कॉलेज बदलायचंच असेल, तर आधी परवानगीचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, मगच बॅग भरा. बाबासाहेबांनी लंडन सोडण्याआधी हेच केलं होतं.

त्या दिवशी त्या घरात मी हे सगळं बोलू शकले नाही. निघताना फक्त काकांना विचारलं, "काका, बाबासाहेब १९१७ ला लंडन सोडून आले, तेव्हा त्यांना कोणी पळून आले म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?" काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलाला म्हणाले, "सोमवारी ये माझ्याकडं. तुझी फाईल घेऊन जाऊ दोघं."

ते दोघं गेले. फाईल अजून पुढे सरकलेली नाही, पण आता तिच्यामागे एक मुलगा एकटा नाही. मुलगा रोज सकाळी बसने कॉलेजला जातो. मार्चपासून सोलापूरचं ऊन डोक्यावर आहे, मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जाईल. मावशी म्हणते, "ऊन सोसंल त्याला. उनात तर जन्म गेला आमचा." पहिल्या सत्रात तो सगळ्या विषयांत पास झाला आहे.

शिका, असं बाबासाहेबांनी सांगितलं. कुठल्या गावात, कुठल्या थंडीत, किती खोकत शिका, असं नाही सांगितलं.

जय भीम! नमो बुद्धाय!